पिल्लू कोण?

आमच्या सोसायटीत हरवलेल्या वस्तूंना मालक असतात, सापडलेल्या वस्तूंना नसतात. कुणाची छत्री हरवली तर ती कुठल्या कंपनीची, कधी घेतलेली, दांडीवर चरा कुठे होता आणि संशय कुणावर आहे, ही सगळी माहिती संध्याकाळपर्यंत दोन्ही विंगच्या चौथ्या मजल्यापर्यंत पोचते. तीच छत्री दुसऱ्या दिवशी जिन्यात सापडली तर मात्र "आमची नाही हो" असं म्हणून सगळी दारं बंद होतात. छत्री आपली म्हणायची तर काल ज्याच्यावर संशय घेतला त्याच्याशी आज बोलावं लागतं. त्यापेक्षा नवी छत्री स्वस्त पडते.

हे माहीत असूनही मी ते पेन उचललं. बी विंगच्या दुसऱ्या मजल्यावर अप्पांकडे पेपर परत द्यायला गेलो होतो. परतताना चप्पल घालायला वाकलो, तर चपलांच्या स्टँडखाली काहीतरी पांढरंशुभ्र, एका बाजूनं सपाट आणि टोकाशी निमुळतं पडलेलं. मी घरी बसून पुस्तकांची प्रुफं तपासतो, म्हणजे सोसायटीच्या मते काहीच करत नाही. त्यामुळे ही जबाबदारी माझ्याकडे चालत आली, यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

खाली येऊन मी वॉचमनला ते दाखवलं. त्यानं नेहमीचं वाक्य म्हटलं, "वहीत लिहा साहेब."

ही वही सेक्रेटरींच्या आग्रहानं ठेवलेली आहे. दूधवाल्यापासून व्याह्यांपर्यंत प्रत्येकानं तिच्यात नाव, फोन नंबर, वेळ आणि कामाचं स्वरूप लिहायचं. वही भरली की ती कपाटात जाते आणि नवी येते. मागे एका व्रात्य भाच्यानं कामाच्या रकान्यात "दरोडा" असं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. त्याच्याखाली वेळ लिहायची राहिली, एवढीच हरकत वॉचमननं घेतली. मीही "पेन सापडले" असं लिहून, फ्लॅट नंबर टाकून सही केली.

पहिली तपासणी सेक्रेटरींची. त्यांनी ते दोन बोटांत धरलं, उजेडात फिरवलं आणि वास घेतला.

"ई-सिगारेट."

"अहो, पेन आहे."

"तसंच दिसणार. २०१९ पासून बंदी आहे कायद्यानं. मी केव्हाचा म्हणतोय, ही पोरं गच्चीवर चांदणं बघायला जात नाहीत. तुम्ही जरा ओढून बघा."

सार्वजनिक हितासाठी मी ते तोंडात धरून एक झुरका मारला. नेमक्या त्याच वेळी चौथ्या मजल्यावरच्या काकू भाजी घेऊन आल्या. त्या दिवसापासून त्या मला "कसे आहात?" असं विचारत नाहीत, "बरे आहात ना?" असं विचारतात.

काकूंच्या सासूबाईंनी ते इन्शुलिनचं इंजेक्शन ठरवलं. ज्याचं कुणाचं असेल त्याची साखर आत्ता कुठवर चढली असेल, या काळजीनं त्यांनी सोसायटीतल्या सगळ्या मधुमेह्यांची नावं घेतली. त्या निमित्तानं कुणाकुणाला मधुमेह आहे हे मला कळलं आणि मला कळलंय हे त्यांना कळलं.

शेवटी बी विंगमधल्या इंजिनिअरिंगच्या मुलानं सोक्षमोक्ष लावला. "काका, हे आयपॅडचं पेन आहे. सेकंड जनरेशन, २०१८ मध्ये आलेलं. दहा हजारांच्या वर जातं."

मी तोपर्यंत ते शर्टाच्या खिशात, तीन रुपयांच्या रिफिलशेजारी ठेवलं होतं. त्या आकड्यासरशी माझा खांदा त्या बाजूला कलला.

"काका, गंमत माहितीये? २००७ मध्ये आयफोन दाखवताना स्टीव्ह जॉब्जनं भर कार्यक्रमात स्टायलसची टर उडवली होती. काढा, ठेवा आणि हरवा, कशाला पाहिजे ती कटकट, असं म्हणाला होता. तो २०११ मध्ये गेला आणि २०१५ मध्ये त्याच्याच कंपनीनं स्वतःचं पेन काढलं."

काढा आणि ठेवा इथपर्यंतची जबाबदारी मालकानं पार पाडली होती. हरवण्यानंतरचं काय, याबद्दल जॉब्ज काही बोलला नव्हता. मोबाईलवरून शोधता येईल अशी सोय कंपनीनं पेनात आणली ती थेट २०२४ च्या मॉडेलमध्ये. आमचं पेन त्याआधीचं. फोन हरवला तर रिंग देता येते. हे बापडं हाक मारली तरी ओ देणार नाही.

घरी येऊन मी हिला म्हटलं, "तुझ्या दागिन्यांच्या डब्यात ठेव."

"तिथे त्या किमतीचं दुसरं काही नाही," ही म्हणाली, "एकटं पडेल."

ठेवता ठेवता तिनंच चष्मा लावून पाहिलं आणि तिला बाजूला कोरलेली बारीक अक्षरं दिसली. इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, पिल्लू.

कंपनीनं २०२० च्या सप्टेंबरात भारतात ऑनलाइन दुकान उघडलं तेव्हापासून ती पेनावर हवं ते मोफत कोरून देते म्हणे. फुकट म्हटल्यावर माणसानं किती लिहावं! आमच्याकडे भांडेवाला अक्षराला पैसे घ्यायचा, तरी माणसं "चि. सौ. कां." पासून सुरुवात करून तिथी, वार आणि गावासकट लिहून घेत. काकूंच्या सासूबाई तर हे ऐकून खवळल्याच. "१९६१ साली पानशेतच्या पुरात आमचा तांब्या वाहून गेला. बारा जुलैला गेला आणि आठवड्यानं नारायण पेठेतून एक माणूस घर शोधत तो घेऊन आला. का? तर सासऱ्यांचं नाव, आडनाव, पेठ, घर नंबर, सगळं त्यावर! आणि हे म्हणे पिल्लू. कुणाचं पिल्लू? कुठल्या पेठेतलं?"

पण हे पुढचं झालं. आधी मी अप्पांकडे गेलो. अप्पा जिल्हा न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे कुठल्याही प्रश्नाला उत्तर नसतं, कलम असतं.

"वस्तू उचलली कुणी?"

"मी."

"मग अडकलात. करार कायदा १८७२, कलम ७१. सापडलेली वस्तू ज्यानं ताब्यात घेतली त्याच्यावर ती सांभाळायची जबाबदारी. कोणी ठेवायला दिली असती तर जेवढी काळजी घेतली असती तेवढी घ्यायची."

"आणि नाही सापडला मालक तर?"

"शोधायचा. वाजवी प्रयत्न करायचे, वाजवी काळ थांबायचं. न शोधता वापरायला लागलात तर भारतीय न्याय संहिता, कलम ३१४. जुन्या कायद्यात हेच ४०३ होतं. तेव्हा नुसत्या दंडावरही भागायचं, आता कमीत कमी सहा महिने."

मी पेन त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते रुमालानं माझ्याकडे परत सरकवलं.

"नुसता तोटाच आहे असं नाही," अप्पा जरा मऊ झाले. "शोधायला जो खर्च झाला त्यासाठी तुम्हाला दावा लावता येत नाही, पण तो मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवता येते. कलम १६८. आणि मालक मिळालाच नाही आणि तुमचा कायदेशीर खर्च वस्तूच्या किमतीच्या दोन तृतीयांश झाला, तर विकताही येते. १६९. खर्चाच्या पावत्या ठेवा."

मी मनात हिशेब केला. दहा हजार धरले तरी सहा हजार सहाशे सदुसष्ट रुपये शोधण्यावर उडवायचे होते. आमच्या घरच्या चहाची किंमत लक्षात घेता चौकशीला सगळा कोथरूड येऊन गेला असता तरी ते जमलं नसतं.

"एक लक्षात ठेवा," दारापर्यंत सोडायला येत अप्पा म्हणाले, "खुणेचा उच्चार करायचा नाही. फोटो टाकायचा नाही. काय कोरलंय ते जो सांगेल तो मालक. मुद्देमालाची खूण फुटली की खटला संपला."

त्यांच्या सांगण्याप्रमाणे मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, "एक किमती वस्तू सापडली आहे. ओळख पटवून घेऊन जावी." याला सतरा अंगठे आले. वस्तू कुणाचीच नव्हती, पण ती सापडल्याचा आनंद सर्वांना होता. एकानं विचारलं, "लास्ट प्राइस?"

खरं तर ग्रुपचं लक्ष नव्हतंच. आमची इमारत पुनर्विकासाला निघाली आहे. आर्किटेक्टच्या ऑफिसातून कार्पेट मोजून गेले होते आणि अहवालाची वाट बघणं चालू होतं. आतल्या भिंतीची जाडी कार्पेटमध्ये धरतात, रेरा कायद्यातच तसं आहे, हे कुणीतरी टाकल्यापासून माणसं आपापल्या भिंतींकडे मायेनं बघू लागली होती. ज्यांनी हौसेनं मधली भिंत पाडून हॉल मोठा केला होता त्यांच्या घरात सुतक होतं. आमच्या भागात चौरस फुटाचा भाव साधारण त्या पेनाएवढाच. तेव्हा पायाखालच्या पाचशे पेनांची चिंता सोडून जिन्यातल्या एका पेनाकडे कोण बघणार?

पण रात्र झाली की एकेकजण यायला लागला.

पहिले आले तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ. हातात कचऱ्याची पिशवी, आवाज कुजबुजता. "ते सापडलेलं... म्हणजे पेन वगैरे आहे का? नाही, घरी बोलू नका. हिनं वाढदिवसाला दिलं होतं. ऑफिसात आहे असं सांगितलंय."

"काही खूण?"

"मागे टोपी होती. ती मात्र आधीच हरवलीये."

टोपीचं मॉडेल त्याच्या आधीचं, २०१५ चं. ते आयपॅडच्या बुडात खुपसून चार्ज करावं लागायचं आणि त्या वेळी काढून ठेवलेली टोपी हरवण्यासाठीच बनवली होती असं जाणकार म्हणतात. मी नाही म्हटलं. ते आणखी खाली वाकून म्हणाले, "हरकत नाही, मी गुपचूप दुसरं घेतलंच आहे. दोन झाली असती तर पंचाईत."

दुसऱ्या दिवशी दुपारी, ते ऑफिसात असताना, त्यांची बायको आली. "भाऊजी, यांना सांगू नका. मी रांगोळीचं डिझाइन काढायला यांचं पेन घेतलं होतं, ते कुठे गेलं कळेना. मी तसंच दुसरं आणून ड्रॉवरमध्ये ठेवलंय. यांच्या लक्षातही आलं नाही."

म्हणजे त्या घरात आता दोन पेनं होती आणि दोघंही आपण एकच आणलंय या समाधानात होते. मला त्यांच्या संसारात काडी टाकायची नव्हती. मी दोघांनाही चहा पाजला आणि पावती म्हणून तारीख लिहून ठेवली.

त्यानंतर एक आई आली. मुलगा नीटच्या क्लासला. "आमचंच आहे असं मी म्हणत नाही," ती म्हणाली, "पण आमचं नाही असंही नाही."

"तुमच्याकडे टॅबलेट आहे?"

"घ्यायचाय."

एक गृहस्थ आले ते नुसतं माझं निरीक्षण करायला. "सापडलं म्हणता? कुठे? किती वाजता? एकटेच होतात? बी विंगमध्ये काय काम होतं?" ते निघून गेल्यावर मलाच वाटायला लागलं की आपण ते ढापलं असावं. वस्तू हरवणाऱ्याची चौकशी कुणी करत नाही, बिचारा म्हणतात. ज्याला सापडते त्याच्या उत्पन्नाची साधनं तपासतात.

अधूनमधून मी गेटवर डोकावायचो. "कुणी आलं होतं का रे पेनासाठी?"

"वहीत आहे साहेब," वॉचमन म्हणायचा.

मी लिहिलेली नोंद वहीत आहे हे मला माहीत होतं. त्याचं कर्तव्यदक्ष आश्वासन ऐकून मी परत यायचो.

मग खूण फुटली. आमच्या हिनं सोसायटीत कुणाला म्हणजे कुणालाही सांगितलं नाही. तिनं फक्त नाशिकच्या बहिणीला फोनवर सांगितलं. नाशिकहून ते संध्याकाळपर्यंत आमच्या बी विंगमध्ये आलं.

त्या रात्री सोसायटीत लवकर दिवे मालवले गेले नाहीत. ज्या घरांत नवऱ्याला कुणी कधी पिल्लू म्हटलं नव्हतं तिथे "मग तुला कोण म्हणतं?" असा प्रश्न निघाला. ज्या घरांत म्हणत होते तिथे ते बंद झालं. तळमजल्यावर एक नवं जोडपं राहतं. ती त्याला अंगणातून लाडानं काहीतरी हाक मारायची, ती दुसऱ्या दिवशीपासून त्याला आडनावानं बोलावू लागली. चेअरमनसाहेब, ज्यांना त्यांच्या नातवंडांनीही कधी अहोजाहोशिवाय संबोधलेलं नाही, त्यांनी ग्रुपवर स्वतःहून खुलासा केला की सदर वस्तूशी आपला कोणत्याही प्रकारे संबंध नाही. कुणी विचारलं नव्हतं. त्यामुळे सगळ्यांचा संशय पक्का झाला.

माझ्या डोक्यात एक कल्पना आली. माणूस तोंडानं नाकारेल, पण कानानं कसं नाकारेल? रविवारी सकाळी, सगळे घरात असताना, मी पार्किंगच्या मधोमध उभा राहिलो आणि खणखणीत हाक मारली, "पिल्लू!"

बी विंगच्या पहिल्या मजल्यावर एक लॅब्रॅडोर भुंकला. नीटवाल्या मुलानं गॅलरीतून "काय?" म्हटलं. एक निवृत्त बँक मॅनेजर, अर्धी दाढी साबणात, खिडकीत आले, मला बघून "पाणी आलंय का बघत होतो" म्हणाले आणि पडदा ओढून घेतला. तळमजल्यावरचा नवा नवरा स्कूटर पुसत होता, तो हातातल्या फडक्यासकट स्कूटरमागे खाली बसला. एकाच वेळी नऊ-दहा गॅलऱ्या भरल्या. एवढी हजेरी आमच्या झेंडावंदनाला नसते. तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "अहो, सकाळी सकाळी काय चालवलंय?" आणि चौथ्या मजल्यावरच्या काकू शेजारणीला हळूच म्हणाल्या, "मी म्हटलं नव्हतं? ते ओढतात."

फक्त आमच्या घराची खिडकी उघडली नाही. तेवढी खातरी मला होतीच.

आता शास्त्राचा आधार घ्यायला हवा होता. इंजिनिअरिंगचा मुलगा म्हणाला, "सोपं आहे काका. हे पेन एका वेळी एकाच टॅबलेटशी जोडलेलं असतं. मालकाच्या आयपॅडला चिकटवलं तर नुसती चार्जिंगची टक्केवारी दाखवेल. परक्याच्या आयपॅडला चिकटवलं तर आधी 'कनेक्ट करू का?' असं विचारेल. सगळ्यांना टॅबलेट घेऊन बोलवा. जिथे विचारणार नाही, तो मालक."

मी भारावलो. इतका साधा, इतका निःपक्षपाती न्याय रामशास्त्र्यांनाही सुचला नसता. पार्किंगमध्ये टेबल मांडायचं, एकेका टॅबलेटनं पुढे यायचं, पेन आपला वर आपण निवडणार. मी ग्रुपवर स्वयंवराची वेळ टाकायला फोन काढला, तोवर त्यानं "चार्जिंग आहे का बघतो हं" म्हणत पेन स्वतःच्या आयपॅडला चिकटवलं आणि बोट दाबलं.

"काय केलंस?"

"कनेक्ट."

"म्हणजे आता?"

"आता... टेक्निकली ते माझं झालं."

"आणि आधीचा?"

"त्याला विसरलं."

ज्या वस्तूवर प्रेमानं पिल्लू कोरलं होतं तिनं एका बटणासरशी माहेर बदललं. मी पेन रुमालात गुंडाळून डब्यात ठेवलं आणि शोध थांबवून वाजवी काळ जाण्याची वाट बघायचं ठरवलं. अधूनमधून त्या मुलाकडे नेऊन चार्ज करून आणायचो, कारण बॅटरी फार दिवस रिकामी राहिली तर मरते म्हणे आणि कलम ७१ माझ्या मानेवर होतं.

इकडे पुनर्विकासाचा अहवाल एकदाचा आला. विशेष सर्वसाधारण सभा बोलावली. शासनाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पुनर्विकासाच्या सभांना कॅमेरा लागतो. तो तिवईवर लावून इंजिनिअरिंगच्या मुलाला त्यामागे उभं केलं होतं. आर्किटेक्टच्या ऑफिसातून एक तरुण मुलगी आली होती. आमच्या घराघरांत शिरून हिनंच मापं घेतली होती. प्रत्येक घरानं तिला चहा विचारला होता आणि प्रत्येकानं टेप धरलेल्या तिच्या हाताकडे डोळ्यांत तेल घालून पाहिलं होतं.

ए विंगचे आकडे वाचून झाले. कुणी काही बोललं नाही. बी विंग सुरू झाली आणि निवृत्त बँक मॅनेजर उठले. "माझं कार्पेट ४९६ आहे, इथे ४९० लिहिलंय. सहा फूट कुठे गेले?" नीटवाल्या आईचे ५३६ चे ५३० झाले होते. आवाज चढले. मात्र बी विंगमधलेच काहीजण कमालीचे शांत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याच्या ५६१ चे ५६७ झाले होते. अप्पांच्या ५११ चे तर ५७७ झाले होते आणि अप्पा केव्हापासून अहवालाचं ते पान मिटून, हात मांडीवर ठेवून, छताकडे बघत बसले होते.

मुलगी बिचारी गोंधळली. "सॉरी, बी विंगमध्ये चढतानाच माझं आयपॅडचं पेन पडलं कुठेतरी. मग सगळी मापं बोटानं लिहावी लागली. सहाचं शून्य झालं असेल, एकाचा सात झाला असेल. मी त्याच दिवशी खाली वहीत लिहिलं होतं, पेन हरवले म्हणून. फोन नंबरसकट."

वॉचमन दारात उभा होता. "मी रोज सांगतोय साहेबांना," तो म्हणाला, "वहीत आहे म्हणून."

वही आणली. त्या तारखेच्या पानावर माझी नोंद होती, "पेन सापडले". आणि बरोबर तिच्या खालच्या ओळीत, निळ्या शाईत, "पेन हरवले". तिनं माझी ओळ वाचली नव्हती, मी परत वही उघडली नव्हती. वाचण्यासाठी ती वही कुणी ठेवलेलीच नव्हती.

सभा माझ्याकडे वळली. बँक मॅनेजर म्हणाले, "म्हणजे माझे सहा फूट हे इतके दिवस खिशात घालून फिरत होते?" नाशिकला सगळी माहिती पुरवलेल्या आमच्या हिनं मला कोपरानं ढोसलं. मी रुमाल सोडून पेन पुढे केलं.

"एक मिनिट," चेअरमन म्हणाले. "त्यावर काय कोरलंय?"

"पिल्लू," मुलगी म्हणाली. अगदी सहज. "आजी म्हणते मला. नोकरी लागली तेव्हा तिनंच घेऊन दिलं."

सगळ्या सोसायटीला जो शब्द उच्चारायला रात्रीचा अंधार लागला होता तो तिनं माइकवर म्हटला. कमी झालेल्यांनी टाळ्या वाजवल्या. पुन्हा मोजणी करा, पेनानं मोजा, असा ठराव कुणीतरी मांडलाही.

तेव्हा अप्पा उठले.

"हरकत आहे. खूण जगजाहीर झालेली आहे. नाशिकपर्यंत गेलेली आहे. ती सांगता आली म्हणून मालकी सिद्ध होत नाही. यांचं पेन हरवलं हे कशावरून? आणि पेन यांचं नसेल, तर बोटानं लिहिलं या म्हणण्याला आधार काय? अहवाल सादर झाला आहे. आकडे वाचले गेले आहेत."

"अहो, माझ्या आयपॅडला लावून बघा ना," मुलगी म्हणाली आणि तिनं पेन टॅबलेटच्या कडेला चिकटवलं. पडद्यावर अक्षरं उमटली. कनेक्ट करू का?

"बघा!" तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ ओरडले. "ओळखत नाही ते यांना!"

मी कॅमेऱ्यामागे पाहिलं. "अरे, सांग ना तू. तू नव्हतं का दाबलंस?"

मुलानं तोंड उघडलं. मग वडिलांकडे पाहिलं. त्यांचे ५४१ चे ५४७ झाले होते. त्यांनी मान हलवली नाही, काही नाही, नुसतं पाहिलं. "मला आठवत नाही काका," तो म्हणाला आणि कॅमेऱ्याचा फोकस नीट करू लागला.

"मग हे आहे कुणाचं?" सेक्रेटरींनी टेबलावर हात आपटला.

"आमचं," तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले. बायकोसमोर, भर सभेत. "हिनं दिलेलं. वाढदिवसाला."

"हो, मीच दिलंय," बायको ताडकन उठून म्हणाली. त्या दोघांना एका बाजूनं बोलताना मी प्रथमच पाहत होतो. "तेव्हाच कोरून घेतलंय त्यावर."

"असं कसं?" मुलाचे वडील उठले. "आमच्या घरातल्या आयपॅडला ते बरोबर ओळखतं. कनेक्ट करू का म्हणून विचारतसुद्धा नाही."

सेक्रेटरींनी इतिवृत्ताची वही पुढे ओढली, पेनचं टोपण काढलं आणि कॅमेऱ्याकडे एकदा बघून घेतलं. "हे बघा, मला नोंद करायची आहे. एकदाच विचारतो. या सभागृहात पिल्लू कोण आहे?"

बी विंगमधून पाच हात वर गेले. त्यातला सगळ्यात उंच अप्पांचा होता.